गेर्ड म्युलरचा अर्धा मीटर

7 जुलै 1974. म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना, 43वं मिनिट. पश्चिम जर्मनी 1, नेदरलँड्स 1. राइनर बोनहोफ उजवीकडून घुसला, आरी हानला मागे टाकलं आणि गोलरेषेकडून चेंडू उलटा डीमध्ये ढकलला. (आपल्याकडे गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सलाच डी म्हणायची पद्धत आहे, मीही तेच म्हणतो.) गेर्ड म्युलर तेव्हा गोलच्या दिशेने धावत होता आणि चेंडू येत होता त्याच्या पाठीमागे. तो थबकला, चेंडूला पाय लावला, आणि चेंडू पायाला लागून आणखी मागे निसटला.

हा व्हिडिओ सहज सापडतो. इथे थांबवा आणि नीट बघा. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या स्ट्रायकरचा पहिला टच चुकलेला आहे. पाठ गोलकडे, चेंडू अर्धा मीटर मागे, डच डिफेंडर अंगावर आलेले. आपल्याकडे अशा वेळी पोरगा मान वर करून पास देणाऱ्याकडे बघतो आणि हात पसरतो. म्युलरने मागच्या मागे दोन चिमुकली पावलं घेतली, वळता वळताच उजवा पाय जेमतेम मागे नेला आणि चेंडू जमिनीलगत मारला. जोरही फार नव्हता. रूड क्रोलचा पाय पोचेपर्यंत चेंडू निघून गेला होता आणि गोली योंगब्लुड उभ्याचा उभा राहिला. 2-1. त्या गोलवर विश्वचषक जिंकला गेला. म्युलरचा तो देशासाठी 62वा सामना आणि 68वा गोल. तोच शेवटचा. अवघ्या 28व्या वर्षी त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल थांबवलं.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठल्याही मैदानावर स्ट्रायकर व्हायला निघालेल्या पोरांना आपण आज रोनाल्डोची फ्रीकिक आणि मेस्सीचं ड्रिबलिंग दाखवतो. दोन्ही सुंदर आहेत, पण दोन्हींना सपाट हिरवळ लागते. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर पाचपैकी दोन पास तरी ढेकळावरून उडून येतात. तिथे पोराला शिकवायचा असतो तो दुसरा टच. पहिला बिघडल्यावर चेंडू कुठे जाईल याचा अंदाज घेऊन शरीर आधीच वळवून ठेवणं. हे कुणाकडून शिकावं, तर म्युलरकडून. माझ्या मते आपल्या मैदानांसाठी त्याच्याइतका उपयोगी स्ट्रायकर दुसरा झालेला नाही.

जन्म 3 नोव्हेंबर 1945, बव्हेरियातल्या नॉर्डलिंगेन या छोट्या गावात. घरची परिस्थिती बेताची. पोरगा विणकाम शिकायला लागला, मागावर. अमळनेरची प्रताप मिल किंवा जळगावची खान्देश मिल चालू असताना ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मागाजवळ दिवसभर उभं राहायचं आणि मग संध्याकाळी मैदान. 1964 साली तो बायर्न म्युनिकमध्ये आला. तेव्हाचा बायर्न म्हणजे आजचा नव्हे. क्लब दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता आणि 1965 साली बुंडेसलीगामध्ये, म्हणजे देशाच्या अव्वल लीगमध्ये चढला. प्रशिक्षक झ्लात्को चायकोव्स्की. त्याने या पोराची अंगकाठी पाहून हा वजन उचलणारा पहिलवान मला कशाला, असा सूर लावला आणि सुरुवातीला त्याला बाहेरच बसवलं. पुढे 'छोटा जाडा म्युलर' हे नाव त्यानेच रूढ केलं.

उंची 1.76 मीटर, म्हणजे पावणेसहा फूट. बुटका म्हणता येणार नाही, पण पाय धडाच्या मानाने आखूड आणि मांड्या भल्या दणकट. आपल्याकडे असा पोरगा आला की त्याला गोलीत उभं करतात नाहीतर डिफेन्सला पाठवतात. उंच आणि पळणारा दिसला की तो स्ट्रायकर. ही निवड चुकीची आहे आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. ज्याचा भार खाली असतो त्याला वळायला कमी जागा लागते. आखूड पायांचं पाऊल लवकर पडतं, म्हणजे दिशा बदलायची संधीही लवकर मिळते. चाळीस मीटर पळायचं असेल तर लांब टांगा बऱ्या. दीड मीटरात उलटं वळून चेंडू मारायचा असेल तर म्युलरची मांडी बरी. धक्का बसला तरी तो हलत नसे हा आणखी एक फायदा, कारण डीमध्ये धक्का बसतोच.

आकडे एकदा मांडून टाकतो. बुंडेसलीगामध्ये 427 सामन्यांत 365 गोल. हा विक्रम आजही उभा आहे. दुसऱ्या क्रमांकावर लेवांडोव्स्की, 312. लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्युलर सात वेळा ठरला: 1967, 1969, 1970, 1972, 1973, 1974 आणि 1978. 1971-72च्या एका हंगामात 40 गोल. तो आकडा मोडायला 2021 साल उजाडावं लागलं, लेवांडोव्स्कीने शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला 41वा केला. 1972 या एका कॅलेंडर वर्षात सगळे मिळून 85, तो विक्रम मेस्सीने 2012 साली 91 करून मोडला. युरोपियन कपमध्ये (आजची चॅम्पियन्स लीग) 35 सामन्यांत 34 आणि 1974, 1975, 1976 असे लागोपाठ तीन चषक. 1970 साली बालोन दोर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा युरोपातला मान. विश्वचषकात दोन स्पर्धांत मिळून 14 गोल, जो विक्रम ब्राझीलच्या रोनाल्डोने 2006 साली मोडला.

यात एक गोष्ट धरायला हवी. तेव्हाचा ऑफसाइडचा नियम आजच्यापेक्षा कडक होता. समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीत उभा असलेला स्ट्रायकर तेव्हा ऑफसाइड धरला जाई. बरोबरीला ऑनसाइड मानायला सुरुवात झाली 1990 साली. म्हणजे म्युलरला हे सगळे गोल डिफेंडरच्या खांद्याच्या मागून निघून करावे लागले. आज पोरांना आपण 'लाइनवर राहा', म्हणजे शेवटच्या डिफेंडरच्या बरोबरीत राहा, असं सांगतो. तो लाइनच्या आतच राहायचा, बहुतेक वेळा पाठ गोलकडे करून, आणि म्हणूनच त्याचं वळणं इतकं पक्कं झालं.

टोपणनाव पडलं 'डेर बॉम्बर', आणि ते जरा फसवं आहे. नाव ऐकून वाटतं की हा तीस मीटरवरून जाळी फाडत असेल. प्रत्यक्षात त्याचे बहुतेक गोल डीच्या आतले, त्यातही गोलच्या तोंडाशी झालेले आहेत. उजव्या पायाने, डाव्याने, डोक्याने, घसरत, पडता पडता, कधी नुसत्या पोटरीला लागून. तीन सामने उदाहरणादाखल घेतो, कारण तिन्हींतली परिस्थिती आपल्या ओळखीची आहे.

पहिला उन्हाचा. 1970चा विश्वचषक मेक्सिकोत झाला. 14 जूनला लिऑन शहरात इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना भर दुपारी बाराला सुरू झाला. जर्मनी 0-2 मागे होती, बेकेनबाउअर आणि झेलर यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत 108व्या मिनिटाला म्युलरने व्हॉलीवर, म्हणजे चेंडू जमिनीला टेकायच्या आत, तिसरा मारला. ग्राबोव्स्कीचा क्रॉस पलीकडच्या पोस्टपर्यंत गेला, ल्योरने तो डोक्याने परत गोलसमोर टाकला, म्युलर तिथे होता. दोन तास उन्हात खेळूनही तिथे होता, हे महत्त्वाचं. तो मैदानभर धावत नसे. चेंडू आपल्या अर्ध्या भागात असताना तो चालायचा, श्वास गोळा करायचा आणि डीमध्ये चेंडू येण्याची वेळ झाली की पाच-सात मीटरची झेप. आपल्या मे महिन्यात, भुसावळचा पारा 44-45 वर असताना, स्ट्रायकरला 'पळ, पळ' म्हणून ओरडणारे काठावरचे लोक त्याचं नुकसान करतात. पोरगा विसाव्या मिनिटाला संपतो आणि मग साठाव्या मिनिटाला संधी आली की पाय उचलत नाही. तीन दिवसांनी इटलीविरुद्धच्या 3-4 अशा हरलेल्या उपांत्य सामन्यातही जादा वेळेतच म्युलरचे दोन गोल झाले. त्यातला एक तर डिफेंडर आणि गोली यांच्या गोंधळातून चेंडूला नुसता पायाचा स्पर्श करून केलेला, इतका हळू की चेंडू गोलरेषा ओलांडेल की नाही असं वाटावं. त्या स्पर्धेत मोरोक्कोविरुद्ध एक, बल्गेरियाविरुद्ध तीन, पेरूविरुद्ध तीन, इंग्लंडविरुद्ध एक आणि इटलीविरुद्ध दोन, असे एकूण दहा.

दुसरा रिबाउंडचा. 18 जून 1972, ब्रुसेल्स, युरो स्पर्धेची अंतिम लढत, सोव्हिएत संघाविरुद्ध. नेत्सरची व्हॉली बारवर आदळली, परत आलेला चेंडू हाइन्केसने मारला, गोली रुदाकोव्हने तो अडवला, पण हातात धरता आला नाही. पुढे म्युलर. 1-0. सामना 3-0 असा संपला, त्यातले दोन म्युलरचे. शॉट मारला की आपले बाकीचे दहा जण प्रेक्षक होतात. म्युलर दुसऱ्याचा शॉट निघतानाच गोलीच्या दिशेने निघालेला असे, चेंडू सुटणारच आहे असं धरून. दहातल्या आठ वेळा ती धाव फुकट जाते. नवव्या वेळी गोल होतो. पोरांना हे आकड्यातच सांगावं, नाहीतर तीन फुकट धावांनंतर ती धावायची थांबतात.

तिसरा चिखलाचा. 3 जुलै 1974, फ्रँकफर्ट, पोलंडविरुद्ध. जिंकेल तो अंतिम फेरीत, जर्मनीला बरोबरीही पुरेशी होती. सामन्याआधी असा पाऊस झाला की मैदानाचं तळं झालं, अग्निशमन दलाला पाणी उपसावं लागलं आणि सामना उशिरा सुरू झाला. जर्मनीच्या होएनेसची पेनल्टी पोलंडचा गोली तोमाशेव्स्की याने अडवली. 76व्या मिनिटाला म्युलरने डीमधून खाली, जमिनीलगत मारला आणि तो एकच गोल पुरला. साचलेल्या पाण्यात चेंडू घसरत घसरत अचानक थांबतो. दोन्ही संघांचे पळणारे खेळाडू चेंडूच्या पुढे निघून जात होते. जो थांबून, पाऊल आखूड ठेवून वाट बघू शकत होता तो फायद्यात राहिला. शालेय स्पर्धा आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतात, तेव्हा हा सामना मुलांना बसवून दाखवावा. डबक्यातून जमिनीवरचा पास देऊ नये, चेंडू डबक्यावरून उचलून टाकावा. आणि स्ट्रायकरने डबक्याच्या पलीकडे न जाता अलीकडे उभं राहावं, कारण चेंडू तिथेच मरतो.

आता ते वळणं शिकवायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहितो. अडतं ते इथेच.

पेनल्टीच्या खुणेभोवती आठ बाय आठ मीटरचा चौकोन फक्कीने आखा. खूण गोलपासून 11 मीटरवर असते, चौकोन तिच्या दोन्ही बाजूंना सारखा घ्या. कोपऱ्यांवर ठेवायला प्लास्टिकचे शंकू (कोन) नसले तर वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या चालतात, विटा अजिबात ठेवू नका. पाच-सहा चेंडू, एक पास देणारा 12 मीटरवर उजव्या अंगाला, एक डिफेंडर, एक गोली.

सुरुवात चेंडूशिवाय. स्ट्रायकरने गोलच्या दिशेने दोन जोरदार पावलं टाकायची आणि तिसऱ्याला थबकून मागे यायचं. डिफेंडर दोन पावलांबरोबर मागे सरकतो आणि तुम्ही परत आलात की मधे एक-दीड मीटर मोकळं होतं. म्युनिकला नेमकं हेच झालं होतं. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. पोरं हे कंटाळून अर्धवट करतात, पहिली दोन पावलं खोटी टाकतात, आणि मग डिफेंडर फसत नाही. ती पावलं खरी हवीत, चेंडू पुढेच येणार आहे असं समजून टाकलेली.

मग चेंडू. उभं राहताना गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, कूस अर्धी पास देणाऱ्याकडे आणि अर्धी गोलकडे. पाठ पूर्ण गोलकडे केली तर वळायला अर्धा फेरा जास्त लागतो. एका बाजूचा दंड किंचित बाहेर, डिफेंडर कुठे आहे हे समजण्यापुरता. हात लांब करून ढकललं की फाउल. पहिला टच डिफेंडरपासून लांबच्या पायाने, चेंडू पायापासून अर्धा मीटर जाईल इतका. त्याहून जवळ राहिला तर पाय चेंडूखाली अडकतो आणि मारायला जागा उरत नाही. एक मीटरच्या पुढे गेला तर तो डिफेंडरचा. हा अर्धा मीटर पायात बसायला महिने लागतात, त्याची घाई करू नये.

वळताना एकाच पायावर गरकन फिरायचं नाही. दोन किंवा तीन चिमुकली पावलं, प्रत्येक पाऊल स्वतःच्या बुटाच्या लांबीएवढं. म्युलरची पावलं बघा, तो फिरत नाही, खुडखुड पावलं टाकत वळतो. याला आपल्या मातीत आणखी एक कारण आहे. ओल्या काळ्या मातीत लांब स्टड रुतून बसतात. पाय रुतला आणि वरचं शरीर फिरलं की सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि आतला लिगामेंट तुटतो. तिथे ऑपरेशन आणि पुढे आठ-नऊ महिने घरी. कोरड्या कडक जमिनीवर उलटं होतं, उंच स्टडवर पाय धरतच नाही आणि पोरगा घसरून कमरेवर पडतो. म्हणून उन्हाळ्यात आखूड आणि जास्त संख्येने रबरी गोट्या असलेले बूट, ज्यांना टर्फ शूज म्हणतात ते. पावसाळ्यात साचेबंद रबरी स्टड. लोखंडी स्टड आपल्याकडे नकोतच. माती बुटाला चिकटून दोन दोन बोटांचा थर होतो, तेव्हा काठावर लाकडी पट्टी ठेवा आणि खेळ थांबला की प्रत्येक वेळी बूट खरवडा. जड बुटाने आखूड पाऊल टाकता येत नाही.

शॉटला मागचा झोका छोटा. पाय फार मागे नेला की डिफेंडरला तेवढा वेळ मिळतो. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर, बोटं जिकडे चेंडू जायला हवा तिकडे. चेंडूच्या मधोमध किंवा किंचित वर मारला आणि छाती चेंडूवर झुकलेली ठेवली की तो जमिनीलगत जातो. 'वरून' जाणारे दहापैकी सात शॉट हे छाती मागे गेल्याने वरून जातात, ताकद कमी पडल्याने नाही. खालचा शॉट का, तर उभ्या गोलीला हात वर न्यायला वेळ लागत नाही, पण सगळं शरीर खाली टाकायला लागतो. शिवाय आपल्या जमिनीवर चेंडू गोलीच्या पुढ्यात एखादी उडी घेतोच, तो फायदा कशाला सोडायचा?

मांडणी अशी ठेवा: डिफेंडर नुसता उभा, प्रत्येक पायाने आठ चेंडू. मग डिफेंडर पाठीला लागून, पण चेंडू न घेता, पुन्हा आठ-आठ. शेवटी डिफेंडर मोकळा आणि स्ट्रायकरला तीन सेकंद. तीन सेकंद काठावरच्याने मोठ्याने मोजायचे. एका दिवशी एका पोराचे साठ-सत्तर शॉट झाले की थांबवा. त्यापुढे जांघेतले स्नायू ओढतात आणि हंगाम वाया जातो. बारा वर्षांखालच्या मुलांना 4 नंबरचा चेंडू द्या आणि हेडरचा सराव करूनच घेऊ नका. इंग्लंडच्या संघटनेने 2020 साली प्राथमिक शाळेच्या मुलांना सरावात हेडर बंदच केले आहेत.

चेंडूतली हवा हा दुर्लक्षित विषय. नियमाप्रमाणे 8.5 ते 15.6 पीएसआय चालते. ढेकळांच्या मैदानावर 8.5-9 ठेवा, उड्या कमी होतात. सकाळी भरलेला चेंडू दहा वाजता उन्हात दगडासारखा होतो, म्हणून चेंडूंची जाळी लिंबाच्या सावलीत टांगायची. गेज नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा, किंचित दबायला हवा.

मैदानाचं म्हणाल तर सगळं मैदान कुणाला सुधारता येत नाही. पण गोलसमोरचा सहा बाय दहा मीटरचा पट्टा येतो. दोन इंच मुरूम टाकायला एक ब्रास पुरतो, म्हणजे साधारण एक ट्रॉली. चाळून घ्या, हरभऱ्याएवढा खडासुद्धा गोलीच्या कोपराला सोडत नाही. आधी भेगा त्याच मातीत मुरूम मिसळून भरा. नुसती वाळू ओतली तर ती खाली सरकते आणि पहिल्या पावसात काठ ढासळतात. पाऊस पडून वाफसा आला की रोलर. ओल्यावर फिरवलात तर माती रोलरला गुंडाळून उखडते, पार वाळल्यावर फिरवलात तर ढेकूळ फुटत नाही. वाफसा कधी आला हे कळायला प्रशिक्षक लागत नाही, मुलांपैकी निम्म्यांच्या घरी शेती असते, त्यांना विचारा.

म्युलरच्या खेळातली आणखी एक गोष्ट सांगायची राहते, बेकेनबाउअरबरोबरचा वॉल पास. बेकेनबाउअर मागून चेंडू घेऊन चालत यायचा, म्युलरच्या पायात द्यायचा आणि पळायचा. म्युलर पाठीवर डिफेंडर असताना एका टचमध्ये परत द्यायचा. अंतर पाच-सहा मीटर, त्याहून लांबून भिंत म्हणून खेळता येत नाही. परतीचा पास पळणाऱ्याच्या पायात न देता पुढच्या पावलात द्यावा लागतो. गोल करणारा माणूस स्वार्थी असतो हे म्युलरच्या बाबतीत खरं नाही, हे या पासावरून कळतं.

1979 साली बायर्नमध्ये बिनसलं आणि तो अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडे गेला. खेळ थांबल्यावर दारूने गाठलं. 1991 साली जुन्या साथीदारांनी, होएनेस आणि बेकेनबाउअर यांनी, त्याला उपचारांपर्यंत नेलं आणि क्लबने कामावर घेतलं. पुढची वीसहून अधिक वर्षं तो बायर्नच्या तरुण आणि दुसऱ्या संघाबरोबर मैदानावर होता. 2015 साली क्लबने त्याला अल्झायमर असल्याचं जाहीर केलं. 15 ऑगस्ट 2021 रोजी, वयाच्या 75व्या वर्षी तो गेला. नॉर्डलिंगेनच्या मैदानाला त्याचं नाव आहे. विणकाम सोडून निघालेल्या पोराचं नाव गावच्या मैदानाला लागलं, मला हे बालोन दोरपेक्षा मोठं वाटतं.

सराव संपवतानाचे शेवटचे दहा चेंडू मात्र वेगळे ठेवा. पास देणाऱ्याला सांगा, मुद्दाम खराब दे. एक गुडघ्याएवढा उडता, एक पाठीमागे, एक फार जोरात, एक डिफेंडरला लागून. स्ट्रायकरला आधी कळता कामा नये. काठावरून 'मार ना भो!' ओरडायला मनाई करा, त्या ओरड्याने पोरगा पहिल्याच टचला फटका मारतो. टच बिघडला तरी शिट्टी वाजवायची नाही, चेंडू चौकोनाबाहेर जाईपर्यंत खेळ चालू. गोल मोजू नका. दहापैकी किती वेळा दुसरा टच त्याचाच झाला, तेवढं वहीत लिहा. नवख्या पोराचे दोन-तीन होतात. सहाच्या वर जायला लागला की त्याला 13 नंबरची जर्सी द्या, म्युलर देशासाठी तीच घालायचा.